जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसविताना

पंचगंगेकाठच्या काळ्या रानात दिवसभर रोटाव्हेटर मारताना प्रत्येक सरीच्या टोकाला वळण घ्यावे लागते आणि साध्या स्टिअरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरवर संध्याकाळपर्यंत चालकाचे खांदे भरून येतात. अशा ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसविता येते. मात्र सुटे भाग आणायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाण्यापूर्वी पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून किंगपिन (ज्यावर चाक वळते ती पिन), बुश, टायरॉडची (दोन्ही चाके एकत्र वळविणाऱ्या दांड्याची) टोके आणि चाकांचे बेअरिंग तपासावेत. झिजलेल्या सांध्यांतील ढिलेपणा पॉवर स्टिअरिंगने जात नाही, तो फक्त हाताला कमी जाणवतो, आणि म्हणूनच तो अधिक धोकादायक ठरतो.

जुना स्टिअरिंग बॉक्स काढून त्या जागी ऑर्बिट्रोल (स्टिअरिंग फिरेल त्या प्रमाणात सिलिंडरला तेल देणारा व्हॉल्व्ह), अ‍ॅक्सलवर चाके वळविणारा सिलिंडर, इंजिनवर पंप आणि तेलाची टाकी, एवढी ही जोडणी असते. ऑर्बिट्रोल मिळेल तो घेऊ नये, सिलिंडरवरून ठरवावा. ५० मिमी बोअर (आतला व्यास) आणि २०० मिमी स्ट्रोकच्या (रॉडच्या सरकण्याच्या अंतराच्या) सिलिंडरमध्ये सुमारे ३९३ घन सेंमी तेल मावते. त्याला स्टिअरिंगच्या एका फेऱ्यात १०० घन सेंमी तेल देणारा ऑर्बिट्रोल लावल्यास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास चार फेरे लागतात. २५ मिमी रॉड असेल, तर रॉडच्या बाजूला २९५ घन सेंमीच तेल मावते, त्यामुळे उलट दिशेने तीनच फेरे पुरतात. हा फरक नको असल्यास दोन्ही बाजूंना रॉड असलेला सिलिंडर घ्यावा.

सेकंदाला एक फेरा धरला, तर मिनिटाला सहा लिटर तेल लागते आणि ते इंजिन मंद चालतानाही मिळाले पाहिजे. लिफ्टच्या पंपावरून तेल घेण्याचा मोह टाळावा. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत तो पंप पीटीओबरोबर (अवजारे फिरविणाऱ्या मागच्या शाफ्टबरोबर) फिरतो आणि क्लच पूर्ण दाबताच थांबतो, म्हणजे नेमक्या वळणावर मदत जाते. जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा दाब गेज लावूनच ठरवावा.

सिलिंडरचा स्ट्रोक संपण्याआधी अ‍ॅक्सलवरील स्टॉपर चाकाला अडवतील, अशा बेताने ब्रॅकेट बसवावा. होज पाइप सायलेन्सरपासून दूर ठेवावेत. हवा काढण्यासाठी पुढची चाके अधांतरी ठेवून, टाकीत तेल भरत, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवावे. चाके उलट वळली, तर सिलिंडरचे दोन्ही पाइप अदलाबदल करावेत. गळती हाताने कधीही चाचपू नये, कारण दाबाखालचे तेल कातडीत शिरते. पुठ्ठा धरून पाहावी. शेवटी रिकाम्या रानात इंजिन बंद करून स्टिअरिंग किती जड होते, हे अनुभवावे आणि मगच ट्रॉली जोडावी.