पोराच्या गोळ्या: एका आत्याचा अनुभव

माझा भाचा दोन वर्षांचा असताना माझ्याकडे आला. त्याला एचआयव्ही आहे. आम्ही खानापूर तालुक्यातले. गोळ्या बेळगावच्या सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, फुकट मिळतात.

लहान पोरांसाठी आता डोलुटेग्राव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या १० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या असतात. स्वच्छ पाण्यात विरघळवून अर्ध्या तासाच्या आत पाजायच्या. मग त्याच पेल्यात पुन्हा थोडं पाणी घालून, खळबळून तेही पाजायचं, कारण तळाला औषध राहतं. हे इथं मुद्दाम सांगते.

डोस वजनावर ठरतो. म्हणून दर भेटीत वजन करून घ्याच, पोर झपाट्यानं वाढतं. २० किलोनंतर ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू होते. रक्तवाढीच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. त्या डोलुटेग्राव्हिरचं शोषण कमी करतात.

आमची वेळ रात्री जेवल्यावरची. विसरलात तर आठवताच द्या, पण दोन डोस एकदम नको. सुट्टीत कोल्हापूरला मावशीकडे जाताना चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घेऊन जा.

नऊ वर्षांचा झाल्यावर त्यानं विचारलं, "आत्या, मलाच का गोळ्या?" समुपदेशक ताईंनी आधीच शिकवलं होतं: खोटं बोलू नका, झेपेल तेवढंच सांगा. मी म्हटलं, "तुझ्या रक्तात एक विषाणू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते." आजाराचं नाव बाराव्या वर्षी, ताईंसमोर सांगितलं. तो रडला, मीही रडले. आता पंधरा वर्षांचा आहे, मोबाइलवर गजर लावून स्वतः गोळी घेतो. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायच्या तपासणीची, तारीखही तोच मला सांगतो.