चाकणची क्वालिटी ते कॉलेजची लायब्ररी: नोकरी करत नऊ वर्षं शिकलो त्याची गोष्ट

परवा जुन्या कंपनीतल्या एका पोराचा फोन आला. "दादा, तुम्ही बाहेरून शिकून सुटलात म्हणे, मला पण सांगा ना कसं करायचं." सुटलात या शब्दाचं हसू आलं, कारण आज हातात पडणारा पगार तिथल्यापेक्षा नऊ हजारांनी कमी आहे आणि घरी हे अजून कुणी विसरलेलं नाही. पण त्याला फोनवर धड काही सांगता आलं नाही, शिफ्टची बस आली आणि त्याने ठेवून दिला, म्हणून कंपनीतली नोकरी करत शिकून ग्रंथपाल कसा झालो ते जरा सविस्तर लिहितोय.

मी मूळचा डिप्लोमा मेकॅनिकल. बारावी सायन्सला जेमतेम मार्क, मग थेट सेकंड इयरला अ‍ॅडमिशन, २००६ ला डिप्लोमा आणि लगेच चाकणला एका व्हेंडरकडे क्वालिटी इन्स्पेक्टर. राहायला राजगुरुनगरला भाड्याची खोली. काम काय तर मशीन शॉपमधून येणारा पार्ट ड्रॉइंगला मॅच होतो का बघायचं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, गो नो-गो गेज या साधनांनी मापायचं, बसला तर हिरवा टॅग, नाही बसला तर लाल टॅग लावून रिजेक्शनच्या बिनमध्ये. काम वाईट नव्हतं, हे आधी सांगतो, कारण करिअर बदललेली माणसं जुन्या कामाला शिव्या घालतात ते मला पटत नाही. पण पाच-सहा वर्षांनी असं झालं की मी घरी पण इन्स्पेक्शन करायला लागलो. बायकोने पोळी वाढली की मला आधी तिची कड दिसायची.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात सुट्टीच्या दिवशी पेपर वाचायला जायचो. तिथले म्हातारे ग्रंथपाल काका एकटेच, दुपारी पुठ्ठ्यांवरची निघालेली लेबलं खळीने चिकटवत बसायचे. एकदा मी नुसतं म्हणालो की काका, हे लेबल सगळ्या पुस्तकांवर एकाच उंचीला पाहिजे, खालून दीड इंच मोजा. त्यांनी ब्रश माझ्याच हातात दिला. तिथून पुढे दीड-दोन वर्षं मी दर सुट्टीला लेबलं चिकटवली, दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची वही लिहिली, डांबरगोळ्या ठेवल्या. काकाच म्हणाले, तू याचं शिक्षण का घेत नाहीस.

आता इथे नवीन लोकांसाठी पहिली गोष्ट. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, आधीची कुठलीही पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही. म्हणजे मला आधी बी.ए. करणं भाग होतं. २०१४ ला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला नाव घातलं, तेव्हा मी अठ्ठावीसचा. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीदवाक्य, आणि माझ्या केसमध्ये ते अक्षरशः खरं झालं कारण पुस्तकं पिशवीत घालून मी कंपनीच्या कँटीनमध्ये वाचायचो. लोक विचारतात बाहेरून केलेल्या डिग्रीला किंमत असते का. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या पदवीला नियमित पदवीच्या बरोबरीचं धरतात, फक्त अ‍ॅडमिशन घेताना त्या वर्षी त्या कोर्सला मान्यता आहे का ते यूजीसीच्या साइटवर स्वतः बघा, एजंटच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. आणि २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला पण यूजीसीने परवानगी दिलीय, पण नोकरी चालू असताना त्या फंदात पडू नका एवढंच म्हणेन.

बी.ए. ची तीन वर्षं कशी गेली यात सांगण्यासारखं फार नाही. थर्ड शिफ्ट करून सकाळी पेपरला बसलोय, एकदा परीक्षेत झोप लागलीय. नाशिक हायवेचं ट्रॅफिक ज्यांना माहितीये त्यांना बाकीचं सांगायला नको. २०१७ ला पास झालो, सेकंड क्लास.

खरी मजा आली आणि खरी जिरली ती २०१८ ला, बी.लिब. ला. एक वर्षाचा कोर्स. मला वाटलं आपण दीड-दोन वर्षं वाचनालयात काम केलंय, आपल्याला काय अवघड. वर्गात सगळ्यात मोठा मीच, बाकी पोरंपोरी बावीस-तेवीसची, आणि मी पहिल्या दिवशी मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलो, इन्स्पेक्टर बसतो तसा.

वर्गीकरणाचं, म्हणजे पुस्तकाला विषयाप्रमाणे आकडा द्यायचं प्रॅक्टिकल असतं. ड्यूई दशांश पद्धत म्हणजे डीडीसी, तेविसाव्या आवृत्तीचे चार जाडजूड खंड, पहिल्यात टेबलं, म्हणजे प्रदेश वगैरेंचे मागे जोडायचे आकडे, चौथ्यात इंडेक्स, मधल्या दोन्हीत सगळं जग ००० ते ९९९ मध्ये बसवलेलं. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. मला हे आवडलं कारण पार्ट नंबरसारखं होतं. सराव परीक्षेत मॅडमनी शीर्षक दिलं, 'महाराष्ट्रीय स्वयंपाक'. मी विचार केला स्वयंपाक ६४१.५, एखाद्या प्रदेशातला म्हणजे ०९ जोडायचं, भारतातला महाराष्ट्र ५४७९२, झालं, ६४१.५०९५४७९२. दोन मिनिटांत लिहून पेन खाली ठेवलं आणि बाकीच्यांकडे बघत बसलो.

चूक. मॅडमनी काही न बोलता खंड उघडून माझ्यापुढे ठेवला आणि बोट ठेवलं. ६४१.५९ खाली स्पष्ट लिहिलंय की प्रदेशानुसार स्वयंपाक इथे घ्या आणि या आकड्यालाच थेट प्रदेशाचा आकडा जोडा. म्हणजे ६४१.५९५४७९२. माझ्यात एक शून्य जास्त. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुम्ही टीप वाचली नाही."

मी कंपनीत बारा वर्षं हेच वाक्य ऑपरेटरला ऐकवत होतो हो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नोट्स असतात त्या वाच, ०.०५ आणि ०.५ मध्ये एकच शून्य आहे पण त्या शून्यापायी अख्खा लॉट परत येतो. तो बिचारा मान खाली घालून उभा राहायचा आणि मी तावातावाने बोलायचो. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला तो ऑपरेटर आठवत होता, ६४१ वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशीपासून पहिल्या बाकावर बसलो आणि शेजारच्या तेवीस वर्षांच्या मुलीला विचारून विचारून टेबलं शिकलो. शिकताना वय आडवं येतं म्हणतात, माझ्या आड माझं पद आलं.

आणि एक, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन वाचा, नुसते परीक्षेपुरते नको. ते आधी गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ ला मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले तर तिथला शुकशुकाट त्यांना सोसवेना, परत शिकवायला घ्या म्हणून मागे लागले. मग त्यांना लंडनला शिकायला पाठवलं आणि तिथे माणूस बदलला. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो बघितलं, पट्ट्या, नट, बोल्ट जोडून वाटेल ते खेळणं बनवायचं, आणि त्यातून त्यांना द्विबिंदू वर्गीकरणाची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वर्गीकरण पद्धतीची कल्पना सुचली, की विषयाचे पण सुटे भाग करून जोडता येतात. नटबोल्टवाला माणूस असल्याने मला हे वाचून फार बरं वाटलं, आपण अगदीच परक्या घरात आलो नाही असं. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ चे आहेत, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' हा तर आमच्या लाइनवर बोर्ड करून लावला असता तरी खपला असता.

पुढे एम.लिब., म्हणजे याच विषयातली पदव्युत्तर पदवी, कोविडच्या काळात झालं, २०२० ते २१. कॉलेजला ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, राखीव प्रवर्गाला ५ टक्के सूट आहे. पेपर एक ५० प्रश्नांचा, पेपर दोन १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. सेटला वयाची अट नाही, आमच्यासारख्यांना तेच महत्त्वाचं. २०२१ ला माझी गेली कारण पेपर एकला मी किंमत दिली नव्हती, मार्च २०२३ ला निघाली.

सेट निघाली म्हणजे नोकरी लागली असं नाही हे कुणी सांगत नाही. अनुदानित जागा कमी निघतात, निघाल्या तरी एका जागेला रांग. सार्वजनिक वाचनालयाचा कारभार सरकारी अनुदानावर, तिथल्या पगारावर घर चालवणं कठीण. मी एका विनाअनुदानित कॉलेजला लागलो, अकरा महिन्यांची ऑर्डर, दरवर्षी नवीन. बायकोची नोकरी आहे म्हणून हे जमलं. ज्याच्या एकट्यावर घर आणि होम लोन आहे त्याने आधी हप्ते संपवावेत, निदान राजीनामा तरी ऑर्डर हातात आल्यावर द्यावा. अण्णा, म्हणजे वडील, अजून पाहुण्यांना मी कंपनीतच आहे असं सांगतात. मी पण दुरुस्त करत नाही.

कामाचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात एक पोरगं देवघेवीच्या टेबलाशी आलं, "सर, ते पिवळं पुस्तक द्या ना." मी विचारलं, नाव काय? माहीत नाही. लेखक? माहीत नाही. विषय? ते गप्प. मी म्हणालो नाव घेऊन ये मग. ते गेलं ते परत महिनाभर दिसलं नाही. मला कळलं की मी त्याला लाल टॅग लावला. इथे कुणी ड्रॉइंग घेऊन येत नाही, आणि रिजेक्शनचा बिन तर नाहीच, प्रत्येक पुस्तकाला कुठे ना कुठे जागा द्यावीच लागते, ज्याचं डोकं-शेपूट कळत नाही त्याला पण. आता मी विचारतो कुठल्या सरांनी सांगितलं, जाड का बारीक, कुठल्या पेपरसाठी, आणि उठून बरोबर कपाटापर्यंत जातो. ते पिवळं पुस्तक अकाउंटचं होतं बाय द वे, आणि पिवळं नव्हतं, केशरी होतं.

ज्यांना यात यायचंय त्यांनी कॉम्प्युटरची भीती आधी घालवा. कोहा नावाचं ग्रंथालयाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं, घरच्या लॅपटॉपवर टाकून खेळा, मुलाखतीत मला त्याच्यावरच सगळ्यात जास्त विचारलं. आणि जवळच्या वाचनालयात सहा महिने फुकट काम करा, धूळ मानवते का बघा. मला पहिले दोन महिने शिंकाच येत होत्या.

सध्या आमच्याकडे साठा पडताळणी चालू आहे. अकरा हजारांच्या वर पुस्तकं, एकेक हातात घेऊन दाखल क्रमांक टिक करायचा, संध्याकाळी बोटं काळी होतात, कंपनीत मशीनच्या कूलंटने व्हायची तशीच. आजपर्यंत त्रेचाळीस सापडत नाहीयेत. त्यातलं एक ६४१.५९५४७९२ आहे. माझा संशय कँटीनवाल्या मावशींवर आहे, पण परवापासून त्यांची आमटी फार चांगली व्हायला लागलीय, त्यामुळे मी ते नाव यादीत सगळ्यात शेवटी ठेवलंय.