नव्या आरव्हीतील दोष: ताबा घेण्यापूर्वीची तपासणी आणि नंतरची दुरुस्ती

मुले जरा मोठी झाली किंवा भारतातून आई-वडील उन्हाळ्यात राहायला येऊ लागले, की अमेरिकेतील अनेक मराठी कुटुंबांत आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेला (गाडीमागे ओढायचा) ट्रेलर किंवा (स्वतःच चालणारे) मोटरहोम, घेण्याचा विषय निघतो. एवढी रक्कम मोजून घेतलेली कोरी करकरीत वस्तू पहिल्याच मोठ्या पावसात गळेल, अशी शंका खरेदीच्या वेळी कोणालाच येत नाही, कारण नवी मोटार घेण्याचा आपला अनुभव अगदी वेगळा असतो. आरव्हीच्या बाबतीत ही शंका आधीपासूनच मनात बाळगावी आणि पैसे देण्यापूर्वी ती तपासून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर अमेरिकेत तयार होणाऱ्या आरव्हींपैकी सुमारे ८० टक्के आरव्ही इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या परिसरात बनतात. मोटारींच्या कारखान्यात दिसते तशी यंत्रमानवांची रांग तेथे नसते. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, भिंती, नळ, वायरी, कपाटे हे सारे माणसे हातांनी बसवतात आणि अनेक कारखान्यांत मजुरी तासांवर नव्हे, तर पूर्ण झालेल्या नगांवर मिळते. साहजिकच कामाचा वेग मोठा असतो. दाराजवळ लावलेली आरव्हीआयए या उद्योगसंघटनेची मोहोर पाहून काही जण निश्चिंत होतात. परंतु वीज, गॅस, नळकाम आणि आगीपासूनची सुरक्षितता यांविषयीचे ठरावीक नियम पाळल्याचे उत्पादकाने दिलेले आश्वासन, एवढाच त्या मोहोरेचा अर्थ आहे. कपाटाचे दार नीट बसले आहे की नाही, छताच्या सीलंटमध्ये फट राहिली आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. ग्राहकाला वाहन देण्यापूर्वी डीलरनेही तपासणी करायची असते, पण ती किती बारकाईने होईल, हे त्या डीलरकडच्या माणसांवर आणि त्या दिवशीच्या गर्दीवर अवलंबून असते.

म्हणून ताबा घेण्याचा दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. पाणी, वीज आणि गॅस जोडलेल्या स्थितीत वाहन दाखवावे, अशी अट खरेदीच्या करारातच लिहून घ्यावी. शक्य असेल तर प्रमाणित आरव्ही निरीक्षकाला पदरचे पैसे देऊन सोबत न्यावे. तो डीलरने सुचवलेला नसावा. तपासणीत सापडलेले दोष दुरुस्त होईपर्यंत अंतिम सह्या करू नयेत आणि बाकीची रक्कमही देऊ नये. ‘आज घेऊन जा, पुढच्या आठवड्यात आणा, लगेच करून देतो’ असे गोड बोलून सांगितले जाते, आणि सांगणारा विक्रेता प्रामाणिकही असू शकतो. पण सही झाल्यावर आपले काम विक्री विभागाकडून दुरुस्ती विभागाच्या रांगेत जाते आणि त्या रांगेवर विक्रेत्याचा काडीचाही अधिकार नसतो. एखादा किरकोळ दोष मागे ठेवून ताबा घ्यायचाच असेल, तर काय दुरुस्त करायचे, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे डीलरच्या सहीसह कागदावर घ्यावे.

पाण्याची तपासणी

सगळ्या दोषांत पाण्याचा दोष मी सर्वांत वर ठेवतो. बिघडलेला फ्रिज बदलता येतो, सैल बिजागरी घट्ट करता येते. भिंतीत मुरलेले पाणी मात्र दिसेपर्यंत लाकूड कुजवून मोकळे झालेले असते, आणि ते किती दिवसांपासून मुरत होते, या प्रश्नावर वॉरंटीचा दावा अडकतो.

सुरुवात नळांपासून करावी. स्वच्छ पाण्याची टाकी भरून सर्व नळ बंद ठेवावेत आणि पंप चालू करावा. दाब तयार झाल्यावर पंप थांबतो आणि त्यानंतर तो गप्प राहिला पाहिजे. कोणी नळ उघडलेला नसताना तो मधूनच घरघरत असेल, तर पाणी कोठेतरी निसटते आहे किंवा उलट प्रवाह रोखणारी झडप नीट बसत नाही, असे समजावे. त्यानंतर बाहेरच्या नळीने, दाबनियंत्रक लावून, पाणी जोडावे आणि प्रत्येक जोड पाहावा: सिंकच्या खाली, कमोडच्या मागे, वॉटर हीटरच्या पाठीमागे आणि बाहेरच्या शॉवरच्या खणात. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. कोरडा टिश्यू पेपर जोडाभोवती फिरवला, तर नजरेला न दिसणारा ओलावाही कागदावर उमटतो. या जोडांवरील प्लास्टिकच्या फिरत्या चाक्या बहुधा हातानेच आवळलेल्या असतात आणि एल्कहार्टपासून डीलरच्या आवारापर्यंतच्या शेकडो मैलांच्या हादऱ्यांत त्या सैल होऊ शकतात. सिंकची तपासणी करताना ते काठोकाठ भरून एकदम सोडावे, कारण बारीक धारेला न गळणारा सांडपाण्याचा जोड भरल्या लोंढ्याला गळतो. शेवटी गाडीखाली वाकून तळाचे प्लास्टिकचे आवरण पाहावे. ते एखाद्या ठिकाणी पोट आल्यासारखे लोंबत असेल, तर आत पाणी साचले असण्याचा मोठा संभव आहे.

येथे वॉटर हीटरविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हिवाळ्यासाठी पाणी काढून ठेवलेल्या गाडीत हीटरची बायपास झडप वळवलेली असते आणि टाकी रिकामी असते. अशा स्थितीत विजेवर चालणारा हीटर सुरू केला, तर त्याची कॉइल थोड्याच वेळात जळते. म्हणून आधी गरम पाण्याचा नळ सोडून त्यातून हवा न येता सलग धार येते याची खात्री करावी आणि मगच ते बटण दाबावे.

यानंतर छत. शिडीवर चढण्याची सवय नसेल, तर निरीक्षकाला फोटो काढायला सांगावे, परंतु छत पाहिल्याशिवाय वाहन घेऊ नये. बहुतेक छतांवर रबराचे किंवा प्लास्टिकसदृश पातळ आवरण ताणून बसवलेले असते. झरोके, आकाशखिडकी, एसी, अँटेना आणि पुढचा-मागचा सांधा अशा प्रत्येक ठिकाणी त्याला छेद दिलेला असतो आणि तो छेद फक्त सीलंटच्या भरवशावर बंद असतो. सीलंटचा थर सलग हवा. त्यात टाचणीएवढे छिद्र, कडेला उचललेला ओठ किंवा उघडे राहिलेले स्क्रूचे डोके दिसले, तर त्याचा फोटो घ्यावा. पुढे स्वतः काही भरण्याची वेळ आली, तर छताच्या आवरणाला चालणारेच सीलंट वापरावे. साधे सिलिकॉन लावू नये, कारण ते एकदा लागले की त्यावर नंतर दुसरे काहीच नीट चिकटत नाही.

भिंती पाहण्यासाठी तिरपा प्रकाश लागतो. सकाळी किंवा संध्याकाळी गाडीच्या कडेला उभे राहून फायबरग्लासच्या भिंतीवरून लांबवर नजर टाकली, की आतील थर सुटल्यामुळे आलेला फुगवटा समोरून पाहताना दिसत नाही तो दिसतो. आतून कपाटांचे कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू आणि दाराजवळची जमीन बोटांनी दाबून पाहावी. ओल मोजण्याचे लहान यंत्र स्वस्त मिळते आणि ते विकत घेणे योग्यच ठरते.

गळतीचा संशय असेल, तर बागेतील नळीने भिंतीवर खालून वर पाणी मारावे, आणि एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि ते नेमके कोठून शिरले ते कळत नाही. खालून एकेक सांधा ओला करत गेल्यास आत पहिला थेंब दिसताच जागा सापडते. प्रेशर वॉशर या कामासाठी वापरू नये; तो चांगले सीलंटही उखडतो. स्लाइड-आउट (गाडी उभी असताना भिंतीतून बाहेर सरकवता येणारा खोलीचा भाग) असल्यास गाडी आधी समपातळीत उभी करावी, स्लाइड पूर्ण आत-बाहेर करून पाहावी आणि तिच्या चारही कोपऱ्यांतील रबर दुमडलेले किंवा फाटलेले नाही ना, हे तपासावे.

वीज, गॅस आणि चाके

विजेचे प्रत्येक सॉकेट लहान टेस्टर लावून तपासावे आणि स्वयंपाकघरातील व बाथरूममधील सुरक्षा-सॉकेटचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. घरी गाडी जोडण्यासाठी ३० अँपिअरचे सॉकेट बसवून घेत असाल, तर इलेक्ट्रिशियनला ते १२० व्होल्टचे हवे असल्याचे ठासून सांगा. कपडे वाळवण्याच्या यंत्राचे समजून त्यात २४० व्होल्ट दिल्यास आरव्हीतील उपकरणे जळतात, आणि तो खर्च कोणत्याही वॉरंटीत बसत नाही.

गॅसची गळती हुंगून ठरवू नये. मॅनोमीटर (दाब मोजण्याचे यंत्र) लावून दाब घटतो का हे पाहण्याची चाचणी आपल्यासमोर करायला लावावी; नियंत्रक झडपेनंतरचा कामकाजाचा दाब पाण्याच्या ११ इंचांच्या आसपास असतो. शेगडी, फर्नेस (गाडी गरम ठेवणारी भट्टी) आणि फ्रिज प्रत्यक्ष चालवून पाहावेत. फ्रिज शोषणपद्धतीचा (गॅसवरही चालणारा) असेल तर तो थंड व्हायला काही तास लागतात, म्हणून तो आदल्या दिवशीच सुरू करून ठेवायला सांगावे.

टायरवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. ट्रेलर घरी नेताना चाकांचे नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु सैल नटांमुळे चाक निखळते, आणि मागे कुटुंबाची दुसरी गाडी येत असू शकते.

ताबा घेतल्यानंतर

यलोस्टोनची सहल लगेच ठरवू नये. पहिले काही मुक्काम डीलरपासून जवळच्या कॅम्पग्राउंडवर करावेत आणि तेथे सगळे काही मुद्दाम वापरावे: सर्वांनी आंघोळी कराव्यात, रात्रभर फर्नेस चालवावी, टाक्या भराव्यात आणि रिकाम्या कराव्यात. जे बिघडेल ते त्याच दिवशी तारीख, जागा आणि परिस्थिती यांसह लिहून ठेवावे. ‘पाणी गळते’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘वाऱ्याचा पाऊस असताना डाव्या बाजूच्या पलंगाच्या डोक्याकडील खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी येते’ ही नोंद मेकॅनिकला थेट त्या जागी घेऊन जाते.

वॉरंटी एकच नसते, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. घराच्या भागाची वॉरंटी आरव्हीच्या उत्पादकाची, बहुधा एक वर्षाची. फ्रिज, एसी, फर्नेस, टायर आणि अ‍ॅक्सल यांच्या वॉरंट्या त्या त्या कंपन्यांच्या. मोटरहोम असेल तर इंजिन आणि चासी (वाहनाचा चाकांवरचा मूळ सांगाडा) यांची वॉरंटी फोर्डसारख्या वाहन कंपनीची, आणि ते काम आरव्ही डीलरकडे न होता ट्रकच्या सेवाकेंद्रात होते. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक उपकरणाच्या क्रमांकाच्या पट्टीचा फोटो काढून नोंदणी करावी. उत्पादकाची पुस्तिका वाचून त्यात सीलंटची तपासणी किती महिन्यांनी करायला सांगितली आहे ते पाहावे आणि प्रत्येक तपासणीचे तारखेसह फोटो ठेवावेत, कारण ‘मालकाने देखभाल केली नाही’ हे कारण गळतीचा दावा नाकारताना सर्वांत आधी पुढे केले जाते.

दुरुस्तीसाठी गाडी नुसती नेऊन सोडली, तर ती सुटा भाग येईपर्यंत आठवडेच्या आठवडे डीलरच्या आवारात उभी राहते आणि आपला उन्हाळा निघून जातो. त्यापेक्षा दोषांची फोटो-व्हिडिओसह यादी ईमेलने पाठवावी, उत्पादकाची मंजुरी घेऊन भाग मागवायला सांगावे आणि भाग हाती आल्यावर ठरलेल्या दिवशी गाडी न्यावी. सुरक्षिततेचा किंवा गळतीचा दोष असेल, तर मात्र थांबू नये. वॉरंटीची मुदत संपत आली असेल, तर दुरुस्तीची तारीख नंतरची मिळाली तरी दोषाची लेखी सूचना मुदतीच्या आतच गेली पाहिजे. दुसऱ्या गावच्या डीलरकडून स्वस्तात खरेदी केली असल्यास जवळचा डीलर आपले काम मागे ठेवू शकतो. अशा वेळी उत्पादकाला फोन करून फिरत्या तंत्रज्ञाकडून काम करून घेण्याची परवानगी मागावी. परवानगी अनेकदा मिळते, मात्र ती काम सुरू होण्याआधी लेखी हवी.

गाडी परत घेताना प्रत्येक वेळी दुरुस्तीचा कागद घ्यावा. त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत, गाडी दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख आणि केलेले काम लिहिलेले असावे. ‘दोष आढळला नाही’ असे सांगितले गेले, तरी तोही कागद घ्यावा. कपाटाची खिट्टी, निघालेली पट्टी, सैल स्क्रू अशी कामे स्वतः केली तरी हरकत नाही, आणि त्यांसाठी आठवडे घालवण्यापेक्षा तेच बरे. गॅस, ब्रेक, अ‍ॅक्सल आणि सांगाडा यांना मात्र हात लावू नये.

दोष हटेनासा झाला तर

ब्रेक, गॅस, आग किंवा अ‍ॅक्सल यांच्याशी संबंधित दोष असेल, तर एनएचटीएसए या केंद्रीय वाहतूक-सुरक्षा संस्थेकडे तक्रार नोंदवावी आणि तिच्या संकेतस्थळावर आपला १७ अक्षरांकांचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख-क्रमांक) टाकून रिकॉल, म्हणजे सुरक्षेच्या दोषासाठी दुरुस्तीला परत बोलावणे, आहे का ते पाहावे. रिकॉलची दुरुस्ती विनामूल्य असते.

‘लेमन लॉ’वर, म्हणजे वारंवार दुरुस्त करूनही दोष न जाणाऱ्या वाहनाच्या ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर, फार भिस्त ठेवू नये, कारण तो राज्यागणिक बदलतो. ज्या इंडियानात या गाड्या बनतात, त्या राज्याच्या कायद्यातून मोटरहोम वगळलेली आहे. फ्लोरिडाच्या कायद्यात राहण्याचा भाग येत नाही, तर कॅलिफोर्नियात चासीला वाहनाचे आणि घराच्या भागाला ग्राहकोपयोगी वस्तूचे नियम लागू होतात. १९७५चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा मात्र संपूर्ण देशाला लागू आहे, आणि त्याखाली जिंकलेल्या ग्राहकाला वकिलाची फी प्रतिपक्षाकडून मिळू शकते. त्यामुळे आगाऊ पैसे न घेता असे प्रकरण हाती घेणारे वकील सापडतात. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी उत्पादकाला नोंदणीकृत पत्र पाठवून दोष, दुरुस्तीचे झालेले प्रयत्न आणि गाडी वापराबाहेर असलेले दिवस कळवावेत आणि शेवटची संधी द्यावी. वॉरंटीतील वादाचे कलमही त्याच वेळी वाचावे: दावा कोणत्या राज्यात आणि किती मुदतीत करायचा हे त्यात ठरवलेले असू शकते, आणि अनेक उत्पादक त्यासाठी इंडियानाचेच न्यायालय नेमतात. वाद चालू असताना कर्जाचे हप्ते थांबवायचे असतील, तर तो निर्णय वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण बँकेशी झालेला करार डीलरशी झालेल्या करारापेक्षा वेगळा असतो आणि चुकलेला हप्ता थेट आपल्या पतनोंदीवर जातो.