झारशाहीचा अभ्यास खेड्यापासून सुरू करा

इतिहासात एम.ए. करताना रशियाचा पेपर घेणाऱ्यांना मी पहिल्यांदा सांगतो की झारांची, म्हणजे रशियाच्या सम्राटांची, वंशावळ पाठ करत बसू नका. इव्हान चौथा 1547 मध्ये झार झाला, 1613 मध्ये रोमानोव्ह घराणं आलं, मार्च 1917 मध्ये दुसऱ्या निकोलसने गादी सोडली, एवढा सांगाडा पुरतो. शेवटच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रास्पुतिन या साधूवर तर एक संध्याकाळसुद्धा घालवू नका. तो चवीने वाचला जातो, पण त्याच्यामुळे राज्य कसं चालायचं हे कळत नाही.

मला हा विषय खऱ्या अर्थाने उलगडला तो 1897 च्या जनगणनेमुळे. साम्राज्याची ही पहिली आणि झारशाहीतली एकमेव आधुनिक जनगणना. लोकसंख्या साधारण साडेबारा कोटी, साक्षर सुमारे 21 टक्के. वंशपरंपरेने उमराव असलेले जेमतेम एक टक्का, कागदोपत्री शेतकरी सुमारे 77 टक्के. रशियन मातृभाषा असलेले निम्म्याहूनही कमी, म्हणजे ‘रशियन समाज’ म्हणताना पोलिश, युक्रेनी, तातार, ज्यू, जॉर्जियन असे कितीतरी लोक त्यात धरावे लागतात. स्वतः झारने व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘रशियन भूमीचा धनी’. हे आकडे एका कागदावर लिहून समोर चिकटवा. पुढचं प्रत्येक प्रकरण वाचताना ते उपयोगी पडतात.

वरच्या वाक्यात मी ‘कागदोपत्री’ म्हटलं, ते मुद्दाम. प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या वर्गात नोंदलेला असे: उमराव, धर्मोपदेशक, व्यापारी, शहरी सामान्य, शेतकरी. कर कोणी भरायचा, खटला कुठल्या कोर्टात चालायचा, फटके कोणाला मारायचे, हे बऱ्याच अंशी या नोंदीवरून ठरे. झार पीटरने (पीटर द ग्रेट) बसवलेला डोईपट्टी कर उमरावांना आणि धर्मोपदेशकांना लागू नव्हता. 1785 च्या सनदेने उमरावांना शारीरिक शिक्षेतून मोकळं केलं. शेतकऱ्याला मात्र तालुका पातळीवरच्या शेतकरी न्यायालयाच्या हुकमाने 1904 पर्यंत फटके बसू शकत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट पीटर्सबर्गच्या गिरण्या-कारखान्यांत राबणारा माणूसही बहुतेक वेळा सरकारी दप्तरात शेतकरीच असे. शहराच्या लोकसंख्येत अशा ‘शेतकऱ्यांचं’ प्रमाण निम्म्याहून जास्त होतं.

इथे आपल्याकडचा वाचक लगेच जातिव्यवस्थेकडे वळतो. मीही वर्गात हा प्रश्न दर वेळी ऐकतो. साम्य जन्मापुरतं आहे, पण एक मोठा फरक आहे: रशियात सरकार माणसाचा वर्ग बदलू शकत होतं. पीटरने 1722 मध्ये सरकारी नोकरीचे 14 दर्जे (पहिला सगळ्यात वरचा) ठरवले आणि ठरावीक दर्जाला पोचलेल्याला उमरावपण मिळू लागलं. पुढे ही पायरी वर सरकवत नेली; 1856 नंतर मुलकी नोकरीत चौथा दर्जा गाठल्यावरच ते वंशपरंपरेने मिळे. लेनिनचं उदाहरण घ्या. त्याचे आजोबा भूदास (जमीनदाराच्या मालकीचे शेतकरी) घराण्यातले, वडील शाळाखात्यात चढत चढत चौथ्या दर्जापर्यंत गेले, त्यामुळे लेनिन कायद्याने उमराव. हे मी सांगितलं की वर्गात दोन-तीन जण तरी फोन काढून खात्री करून घेतात.

सगळ्यात जास्त वेळ 1861 ला द्या. ‘अलेक्झांडर दुसऱ्याने भूदासांना मुक्त केलं’ या एका ओळीवर पुष्कळ जण थांबतात. त्या कायद्याने शेतकरी जमीनदाराच्या मालकीतून सुटला, पण जमिनीची किंमत त्याच्या डोक्यावर बसली. सरकारने जमीनदारांना मोठा हिस्सा रोख्यांत चुकता केला आणि शेतकऱ्यांकडून तो दरसाल 6 टक्क्यांनी, 49 वर्षांत वसूल करायचा ठरवला. आधी जी जमीन तो कसत होता तिच्यातला तुकडाही बऱ्याच ठिकाणी जमीनदाराने काढून घेतला. आणि हे देणं एकट्याचं नव्हतं. हप्ता आणि कर यांची जबाबदारी गावाच्या पंचायतीवर, म्हणजे ‘मीर’वर, सामायिक होती. एकाने बुडवलं तर इतरांनी भरायचं. साहजिकच गाव कोणाला सहजी बाहेर जाऊ देत नसे. शहरात कामाला जायचा परवाना हवा असेल तर आधी गावाची संमती. बऱ्याच भागांत जमिनीचं अधूनमधून फेरवाटपही होई, त्यामुळे खत घालून जमीन सुधारण्यात कोणाला फारसा रस नसे. मुंबई इलाख्याची रयतवारी अभ्यासलेल्यांना इथे विचार करायला चांगली जागा आहे: आपल्याकडे सरकार सारा एकेका खातेदाराकडून घेत होतं, तिथे सगळ्या गावाकडून. सामायिक जबाबदारी 1903 मध्ये रद्द झाली. 49 वर्षांचे हप्ते मात्र 1905 च्या क्रांतीच्या धक्क्याने 1907 पासून माफ करावे लागले.

गावाला इतकं बांधून ठेवायची गरज का पडली, हे प्रशासनाकडे बघितल्यावर कळतं. एकतंत्री सत्ता म्हटलं की गल्लोगल्ली शिपाई उभे असतील असं वाटतं. प्रत्यक्षात माणसंच नव्हती. 1878 मध्ये 46 प्रांतांच्या ग्रामीण भागासाठी नवे पोलीस नेमले ते सुमारे 5 हजार! म्हणून गावानेच गावावर नजर ठेवायची, आणि 1889 पासून वर एक स्थानिक उमरावांतून निवडलेला अधिकारी, ज्याच्या हातात कारभार आणि न्याय दोन्ही. 1864 च्या न्यायसुधारणेने ज्यूरी आणि स्वतंत्र न्यायाधीश आणले होते. पंचवीस वर्षांत खेड्यापुरतं ते चाक उलटं फिरवलं गेलं.

राजधानीतही तोच विस्कळीतपणा. मंत्रालयं 1802 पासून होती, पण प्रत्येक मंत्री झारकडे स्वतंत्रपणे जाऊन अहवाल देई. एकत्रित जबाबदारी घेणारं, अध्यक्ष असलेलं मंत्रिमंडळ ऑक्टोबर 1905 मध्ये आलं, पहिला अध्यक्ष विट्टेच्या हाताखाली. त्याआधी अर्थमंत्री आणि गृहमंत्री एकाच कारखान्यातल्या मजुरांबद्दल परस्परविरुद्ध धोरणं राबवताना दिसले, तर बुचकळ्यात पडू नका.

1906 चे मूलभूत कायदे मात्र मूळ कलमांसकट वाचा, सारांश नको. चौथ्या कलमातून झारच्या सत्तेचं ‘अमर्याद’ हे विशेषण गेलं, ‘एकतंत्री’ राहिलं. कलम 87 प्रमाणे दूमा (निवडून आलेलं कायदेमंडळ) बसलेली नसताना सरकार वटहुकूम काढू शकत होतं, पण निवडणुकीचा कायदा त्याने बदलता येत नव्हता. जून 1907 मध्ये पंतप्रधान स्टोलिपिनने दुसरी दूमा बरखास्त करताना नेमका तोच कायदा बदलला आणि जमीनदारांचं वजन वाढवलं. उत्तरपत्रिकेत हे तीन मुद्दे क्रमाने आले की ‘रशिया संविधानिक राज्य झाला का?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर लिहून होतं.

तारखांचं एक लफडं आहे. रशियात 1918 पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग होतं, एकोणिसाव्या शतकात 12 दिवस मागे, विसाव्यात 13. म्हणून झारशाही संपवणारी 1917 ची ‘फेब्रुवारी’ क्रांती नव्या पंचांगाने मार्चमध्ये येते. टिपणं काढताना प्रत्येक तारखेपुढे जुनी की नवी ते तिथल्या तिथे लिहा. नंतर जुळवायला बसलात तर दोन पुस्तकांत दोन तारखा बघून डोकं फिरेल.

संशोधनाकडे वळायचा विचार असेल तर रशियन शिका, मुंबई विद्यापीठात त्याचे वर्ग आहेत. लिपी पंधरवड्यात येते, व्याकरण बराच काळ छळतं. 1918 पूर्वीच्या छापील मजकुरात चार जादा अक्षरं दिसतात, ती लवकरच सवयीची होतात. हस्तलिखित मात्र वेगळीच शिक्षा आहे. मंत्रालयांची दप्तरं सेंट पीटर्सबर्गच्या अभिलेखागारात आहेत, गुप्त पोलिसांची बरीचशी मॉस्कोत, आणि त्यांच्या पॅरिस कचेरीची कागदपत्रं अमेरिकेत स्टॅनफर्डला हूव्हर संस्थेत. मराठी विद्यार्थ्याला या पॅरिसच्या धाग्यात वेगळा रस वाटू शकतो, कारण सेनापती बापटांना बाँब बनवण्याची माहिती तिथल्याच रशियन क्रांतिकारकांकडून मिळाली होती.