ग्राफिक्स कार्ड लोंबतंय? टेकू लावताना या चुका टाळा

टेकू लागतो की नाही, हे आधी कार्डच्या वजनावर ठरवा. आरटीएक्स ४०६० सारखं दोन फॅनचं छोटं कार्ड स्क्रूवर आरामात राहतं, त्याला काही लावू नका. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं आरटीएक्स ४०९० फाउंडर्स एडिशन घ्या, सुमारे २.२ किलो वजन, ३०४ मिलिमीटर लांब, आणि एवढं धूड फक्त मागची पट्टी आणि कार्ड बसतं तो मदरबोर्डवरचा स्लॉट पेलणार, दुसरं टोक हवेत. तिथे टेकू हवाच.

"माझ्या मदरबोर्डच्या स्लॉटला स्टीलचं कवच आहे" म्हणून निर्धास्त राहणं ही सगळ्यात मोठी चूक. कवच स्लॉट वाचवतं, कार्ड नाही. खरा ताण येतो कार्डच्या पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवर, स्लॉटचा लॅच (खटका) अडकतो त्या खाचेच्या कोपऱ्यात, आणि रिपेअरवाल्यांकडे नेमका तिथेच तडा गेलेली मोठी कार्डं येतात. पीसीबीच्या आत थरावर थर असतात, त्यातली एखादी बारीक लाइन तुटली की कार्ड मेलं, आणि ते दुरुस्त करणं फार किचकट काम.

टेकू विकत घ्यायच्या आधी एक करा. पीसी बंद, वायर काढलेली, मग मागचे स्क्रू थोडे सैल करा, कार्ड हाताने सरळ धरा आणि तसंच धरून स्क्रू आवळा. स्क्रूच्या भोकांत थोडी ढिलाई असते, बरंचसं लोंबणं तिथूनच येतं. आणि एकच स्क्रू लावून सोडू नका, जेवढी भोकं तेवढे स्क्रू.

आता टेकू, म्हणजे स्टँड. तो लांबच्या टोकाजवळ, कव्हरच्या घट्ट भागाखाली लावायचा, फॅनच्या पात्याखाली नाही. जोर लावून वर ढकलायचं तर अजिबात नाही, कारण मग कार्ड उलट्या बाजूने वाकतं आणि ताण तसाच राहतो. सरळ रेषेत आलं की थांबा.

पॉवर केबल कार्डला वर ओढत असेल तर तिला टेकू समजू नका. १६ पिनवाल्या पॉवर कनेक्टरला तर जपाच, तो पूर्ण आत बसलेला हवा आणि केबल निदान ३५ मिलिमीटर सरळ जाऊन मगच वळायला हवी, नाहीतर कनेक्टर तापून वितळायची भीती.

पण माझं ठाम मत, घरात एका जागी उभ्या पीसीपेक्षा प्रवासात जास्त कार्डं मोडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तयार पीसी टॅक्सीत घालून आणताय किंवा दुसऱ्या गावाहून कुरियरने मागवताय, तर कार्ड काढून त्याच्या बॉक्समध्ये वेगळं पाठवायला सांगा. ते जमत नसेल तर कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली सपाट, म्हणजे कार्ड उभं राहतं आणि धक्क्याने खाली वाकत नाही. आत फोम भरला असेल तर पीसी चालू करायच्या आधी तो काढा.

कॅबिनेट हलवल्यावर स्क्रीन काळी होत असेल, कार्ड मध्येच गायब होत असेल, तर जीपीयू-झेड या कार्डची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेस बघा, म्हणजे कार्ड किती लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतंय ते. एक्स१६ ऐवजी एक्स८ किंवा एक्स४ दिसलं तर कार्ड काढून नीट परत बसवा, पण घाबरायच्या आधी हेही बघा की ४०६० मुळातच एक्स८ आहे, आणि काही मदरबोर्डवर एम.२ एसएसडी लावली तरी लेन कमी होतात. परत बसवूनही तेच होत असेल तर टॉर्च घेऊन त्या खाचेपाशी तडा शोधा, आणि दिसला तर पीसी पुन्हा चालू न करता कार्ड सरळ रिपेअरवाल्याकडे न्या.