गरोदरपणातील बदल : काय ओळखावे, काय करावे

पाळी चुकताच तपासणी करून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि प्रसूतीची अंदाजे तारीख 40 आठवड्यांनंतरची धरतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाची धडधड दिसू लागते आणि नेमकी याच काळात आईला मळमळ सुरू होते. तेव्हा उकड्या तांदळाची पेज थोडी थोडी, पण वारंवार घ्यावी. फॉलिक आम्लाची गोळी चुकवू नये.

मधले तीन महिने बहुधा सुखाचे जातात. 18 ते 20 आठवड्यांदरम्यान बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी करून घ्यावी. पहिलटकरणीला पोटातली पहिली फडफडही साधारण याच सुमारास जाणवते. आईच्या शरीरातील रक्त प्रसूतीपर्यंत जवळपास दीडपट होत असल्याने लोहाची गरज वाढते. म्हणून लोहाची गोळी चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत घ्यावी. नाचणीचे तिझण (गोड पेज) आणि तारले, बांगडे हे मासे जरूर खावेत. मोरी (शार्क) मात्र टाळावी, कारण या माशाच्या मांसात पारा साठतो. (हे सासूबाईंनाही सांगून ठेवलेले बरे.)

28 आठवड्यांना बाळ सुमारे एक किलोचे होते. येथून पुढे कुशीवर झोपावे. गोव्यातील सत्तरी, काणकोणसारख्या टोकाच्या तालुक्यांत राहणाऱ्यांनी रुग्णालयापर्यंतचा वेळ आधीच पाहून ठेवावा. बाळाची हालचाल मंदावली, रक्तस्राव झाला किंवा तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता 108 वर फोन करावा.