हा तडा कोणत्या आपत्तीचा?

फेमाच्या (अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) सार्वजनिक साहाय्य योजनेत नव्याने लागलात म्हणजे स्टॅफर्ड कायदा (तिथला आपत्ती-मदतीचा मूळ कायदा), कामांचे ए ते जी प्रकार, केंद्र सरकारचा किमान 75 टक्के वाटा हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार. मी फक्त तड्यांबद्दल लिहितोय. त्यांनी माझे आठ महिने खाल्ले, आणि तेवढे दिवस एका गावातलं वृद्धांचं केंद्र बंद राहिलं.

2021 साली अमेरिकेच्या अखत्यारीतल्या प्युर्टो रिको बेटाच्या दक्षिण भागात एका नगरपालिकेच्या इमारतींची मी पाहणी करत होतो. मारिया चक्रीवादळ येऊन चार वर्षं होत आली होती. त्या वृद्धांच्या केंद्राची काँक्रीटची गच्ची गळत होती, भिंतींना तिरके तडे होते. मी नोंद केली: ‘वादळामुळे छत व भिंतींचे नुकसान, गळती व तडे.’ वाक्य आधीच्या इमारतीच्या अहवालातून उचललेलं. वरिष्ठ म्हणाले होते, इमारती सगळ्या सारख्याच, वेळ घालवू नकोस. तपासणीत एकच प्रश्न आला: वाऱ्याने भिंतीला तिरका तडा कसा पडला?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 7 जानेवारी 2020 ला त्याच पट्ट्यात 6.4 तीव्रतेचा भूकंप झाला होता. मला तो माहीत होता, तरी नोंद करताना मी तो विचारातच घेतला नाही. दुरुस्तीच्या पैशांचा अख्खा प्रस्ताव परत आला.

हे नीट समजून घ्या. जाहीर झालेल्या प्रत्येक आपत्तीचा क्रमांक वेगळा, पैसा वेगळा. इर्मा चक्रीवादळ 4336, तिच्यामागून दोनच आठवड्यांनी आलेलं मारिया 4339, भूकंप 4473, 2022 चं फिओना चक्रीवादळ 4671. एकीचं नुकसान दुसरीच्या खात्यावर चालत नाही, आणि देखभालीअभावी झालेली झीज कुठल्याच खात्यावर चालत नाही. आपल्याकडच्या पंचनाम्यासारखं मोघम लिहाल तर अडकाल. कोणता भाग, कशाने, काय झालं, किती लांबी-रुंदी, कोणतं साहित्य, सगळं हवं. ‘गच्चीचा ईशान्य कोपरा, 12 बाय 8 फूट, वॉटरप्रूफिंगचा थर वाऱ्याने कठड्यापासून उचकटला’ असं. मारियाची बरीच कायमस्वरूपी कामं स्टॅफर्ड कायद्याच्या कलम 428 खाली झाली. तिथे अंदाजपत्रकाची रक्कम एकदा ठरली की वरचा खर्च नगरपालिकेच्या गळ्यात. तुम्ही न मोजलेला कोपरा त्यांना स्वतःच्या पैशाने दुरुस्त करावा लागतो.

दुसऱ्याचं वाक्य चिकटवू नका. कधीच नाही. कचेरीत बसून नमुने वाटणाऱ्यांपेक्षा नगरपालिकेचा जुना मुकादम शंभर पटीने चांगला गुरू, हे माझं ठाम मत आहे. आमची सुटका त्यानेच केली. त्याच्या फोनमध्ये ऑक्टोबर 2017 चे फोटो होते: गच्चीचा थर फाटलेला, खाली भिंती ओल्या, पण एकही तडा नाही. मग गच्ची मारियाकडे ठेवली, तडे भूकंपाकडे वळवले, आणि काम पुढे सरकलं. ते फोटो पहिल्या दिवसापासून त्याच्याकडेच होते. मी विचारलंच नव्हतं.

स्पॅनिशची धास्ती घेऊ नका. माझी आजही मोडकीतोडकीच आहे. ‘फिल्त्रासियोन’ म्हणजे गळती, एवढ्यावर मी सुरुवात केली. लोक समजून घेतात, हाताला धरून जिन्याने वर नेतात. पहिला प्रस्ताव परत आला तरी खचू नका, बहुतेकांचा येतो. फक्त गच्चीवर चढण्याआधी खाली थांबून दोन गोष्टी मागा: वादळाआधीच्या देखभालीच्या पावत्या, आणि कुणाच्याही फोनमधले तेव्हाचे फोटो, तारखेसकट.